सरकारच गडगडत असतं तेव्हा मानवाधिकार आयोग करतो काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: श्रीलंकेत २०२२ ला आणि नेपाळमध्ये २०२५ ला लोक रस्त्यावर आले, सरकारं पडली. दोन्हीकडे राष्ट्रीय मानवाधिकार आयोग होते. मग ते त्या दिवसांत करत काय होते? सरकारच्याच पैशावर चालणारा, सरकारनेच नेमलेला आयोग "तीव्र चिंता व्यक्त करतो" यापलीकडे काही करू शकतो का? विचारणारा लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याचं स्वतःचं मत "ही सगळी रिटायर्ड जजांची सोय आहे" असं आहे. मत अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, पण अर्धवट आहे.

आधी मी कोण ते सांगतो. पंचवीसेक वर्षं वकिली, त्यातली बरीचशी कोठडीतले मृत्यू, गोळीबार, लाठीमार असल्या केसेसमध्ये गेली. आयोगाचा माणूस नाही, आयोगाच्या दारात फाइल घेऊन उभा राहणारा माणूस आहे, त्यामुळे कौतुकही तिथूनच आणि चिडचिडही तिथूनच.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा, आयोगाकडे ऑर्डर काढायची ताकद नसते. बहुतेक सगळ्या देशांत तो शिफारस करतो. आपल्याकडे १९९३ चा मानवाधिकार संरक्षण कायदा आहे, त्यात चौकशी करताना दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत, म्हणजे साक्षीदार बोलावता येतो, कागद मागवता येतात, शपथेवर जबाब घेता येतो, पण शेवटी जे निघतं ती शिफारसच. मग उपयोग काय? उपयोग असा बघा, की रस्त्यावर गोळी चालली आणि ती पोलिसांनीच चालवली, तर पंचनामा कोण करणार? तेच पोलीस. पंच कोण आणणार? तेच. काडतुसाच्या पुंगळ्या कोण उचलणार, स्टेशन डायरीत वेळ कोण लिहिणार, जखमीला कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं कोण ठरवणार? सगळं तेच. अशा वेळी कायद्याने आत शिरायचा हक्क असलेला दुसरा एखादा माणूस तिथे पोचून स्वतःची वेगळी नोंद करून आला तर पुढची दहा वर्षं फरक पडतो, आणि नाही पोचला तर दहा वर्षं "आरोप निराधार आहेत" एवढं एकच वाक्य वाचत बसावं लागतं.

हे मी हवेत बोलत नाही. एका तालुक्याच्या गावी मोर्च्यावर लाठीमार झाला होता, गावाचं नाव राहू दे. पोरं भीतीने सरकारी दवाखान्यात गेलीच नाहीत, कारण तिथे एमएलसी रजिस्टरला (पोलिसांना कळवायच्या इजांची नोंदवही) नाव लागतं आणि नाव लागलं की दुसऱ्या दिवशी घरी गाडी येते. गेली खाजगी डॉक्टरकडे, आणि त्या बिचाऱ्याने स्वतःला सांभाळत चिठ्ठीवर लिहिलं, "पडल्यामुळे इजा". एका पोराच्या पाठीवर दोन समांतर लाल रेघा होत्या, मधली जागा पांढरी. काठीचा वळ असाच उठतो, पडून असा वळ उठत नाही हे मेडिकलचं पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल, पण फोटो कोणी काढून ठेवला नाही आणि आठ दिवसांत वळ गेला. आम्ही तक्रार केली, आयोगाने काय केलं तर ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच वरिष्ठांकडून अहवाल मागवला, तो यायला आठ महिने लागले, आणि आला तो दीड पानाचा. कुठला आयोग ते सांगत नाही, सांगायचा मुद्दा एवढाच की वळ आठ दिवस टिकतो आणि अहवाल आठ महिन्यांनी येतो.

आता श्रीलंका, कारण मला वाटतं ही सगळ्यात शिकण्यासारखी केस आहे. तिथला आयोग १९९६ च्या कायद्याने आलेला. २०२० मध्ये विसावी घटनादुरुस्ती झाली आणि त्याच्या नेमणुका जवळपास पूर्णपणे राष्ट्राध्यक्षांच्या हातात गेल्या. आधी घटनात्मक परिषद असायची, ती गेली. मग एक माजी मंत्रीच आयोगाचे अध्यक्ष झाले. जगभरच्या अशा आयोगांची जी संघटना आहे ती पॅरिस तत्त्वांच्या (आयोग किती स्वतंत्र हवा वगैरे सांगणारी, १९९३ ला युनोच्या महासभेने मान्य केलेली) फूटपट्टीने ए (पूर्ण उतरला) किंवा बी (अर्धवट उतरला) दर्जा देते, तिच्या समितीने २०२१ मध्ये श्रीलंकेला ए वरून बी ला उतरवायची शिफारस केली. म्हणजे २०२२ उजाडलं तेव्हा हा आयोग कागदावर जवळपास नापास होता, आणि आतली माणसं राष्ट्राध्यक्ष गोताबाया राजपक्षेंनीच नेमलेली. तोवर निवृत्त न्यायमूर्ती रोहिणी मारसिंघे अध्यक्ष झाल्या होत्या, पण नेमणूक त्याच पद्धतीची.

३१ मार्चला मिरिहानाला राष्ट्राध्यक्षांच्या खाजगी घराबाहेर लोक जमले, १ एप्रिलला आणीबाणी, मग कर्फ्यू, आणि २-३ एप्रिलच्या मध्यरात्री फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सगळं बंद. टेलिकॉमवाल्यांनी सांगितलं संरक्षण मंत्रालयाच्या सांगण्यावरून बंद केलं. आयोगाने म्हटलं, मंत्रालयाला असा अधिकारच नाही. बस, एवढंच. त्या दिवशी दुपारपर्यंत ब्लॉक निघाला. आयोगामुळेच निघाला असा दावा मी करणार नाही, सत्ताधारी घराण्यातलेच एक मंत्री उघडपणे म्हणत होते की व्हीपीएन असताना याला काही अर्थ नाही. पण "कुठल्या कलमाखाली?" हा प्रश्न अधिकृत कागदावर विचारणारा कोणीतरी होता, आणि गोंधळाच्या काळात हा प्रश्न फार लवकर विसरला जातो, पोलीस विसरतात, पत्रकार विसरतात, वकीलसुद्धा विसरतात.

याहून भारी किस्सा जुलैचा. ९ जुलै २०२२, शनिवार, कोलंबोत प्रचंड मोर्चा ठरलेला. आदल्या रात्री नऊपासून पोलिसांनी पश्चिम प्रांतातल्या काही पोलीस विभागांत, कोलंबो धरून, "पोलीस कर्फ्यू" लावला. आता गंमत बघा, तिथल्या कायद्यात कर्फ्यू आहे, पण तो सार्वजनिक सुरक्षेच्या कायद्याखाली राष्ट्राध्यक्षांनी जाहीर करायचा असतो. "पोलीस कर्फ्यू" नावाची चीजच कायद्यात नाही. कोविडमध्ये ती वापरून वापरून लोकांच्या अंगवळणी पडली होती इतकंच. बार असोसिएशनने लगेच हे बेकायदा आहे म्हटलं आणि आयोगानेही तेच म्हटलं, पोलीसप्रमुखांचं नाव घेऊन. सकाळी आठला कर्फ्यू उठला. तोवर कँडी, गॉल, मातारा इकडच्या स्टेशनांवर लोकांनी रेल्वेवाल्यांना गाड्या सोडायला लावल्या होत्या, म्हणजे कर्फ्यू असता नसता लोक आलेच असते, दुपारी ते राष्ट्राध्यक्षांच्या निवासात आणि तिथल्या स्विमिंग पूलमध्ये होते हे सगळ्या जगाने बघितलं.

मग फरक काय पडला? बघा, कर्फ्यू कायदेशीर असता तर त्या रात्री रस्त्यावर दिसलेला प्रत्येक माणूस गुन्हेगार ठरत होता, त्याला उचलणं कायदेशीर, त्याच्यावर बळ वापरणंही बरंचसं कायदेशीर. आणि खालचा शिपाई, ज्याला वरून ऑर्डर येते, त्याला आता माहिती असतं की उद्या कोर्टात "वरून आदेश होता" म्हटलं तर समोरचा वकील आयोगाचं पत्र काढून विचारेल, आदेश बेकायदा आहे हे जाहीर झालेलं होतं, तुम्हाला माहीत नव्हतं का? हातात बंदूक असलेल्या माणसाला त्या क्षणी थोडं थांबायला लावणं, एवढंच काम आयोगाचं. छोटं वाटतं खरं.

मधल्या काळात १९ एप्रिलला रंबुक्कनाला पेट्रोलच्या भावावरून लोक रेल्वे क्रॉसिंग अडवून बसले होते, तिथे गोळीबार झाला, एक माणूस गेला. पोलिसांचं म्हणणं, लोक इंधनाचा टँकर पेटवणार होते. आयोगाने आपली माणसं पाठवली. अशा ठिकाणी गेल्यावर काय बघायचं असतं ते सांगतो, कारण पुस्तकात हे नीट मिळत नाही. टँकर कुठे उभा होता आणि गोळ्या झाडणारे कुठे, मधलं अंतर पावलांनी मोजायचं. गोळ्यांच्या खुणा कमरेच्या वर किती, खाली किती, भिंतीवर, शटरवर, टपरीच्या पत्र्यावर. जखमींपैकी कितीजणांना पाठीमागून लागलंय, कारण पळणाऱ्या माणसापासून टँकरला धोका नसतो. हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरची नोंद, कारण केसपेपर बदलता येतो पण ओटी रजिस्टरला आधीच्या आणि नंतरच्या पेशंटच्या मध्ये नवीन ओळ घुसडणं अवघड. आणि शस्त्रागाराचं रजिस्टर, किती राऊंड दिले, किती परत आले. ह्यातलं निम्मं पहिल्या दोन-तीन दिवसांतच मिळतं. नंतर पाऊस पडतो, शटर रंगवलं जातं, ओळखीचा हवालदार बदलून जातो.

आणि मग ९ मे. असा दिवस आयोगांसाठी खरी परीक्षा असतो आणि आपल्याकडचे उत्साही कार्यकर्ते इथेच घसरतात. त्या दिवशी पंतप्रधान महिंदा राजपक्षेंचे (गोताबायांचे भाऊ) समर्थक टेंपल ट्रीज या पंतप्रधान निवासातून निघाले आणि कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर शांत बसलेल्या आंदोलकांना त्यांनी बदडून काढलं, तंबू जाळले, पोलीस बघत राहिले. मग लोक उलटले, महिंदांनी राजीनामा दिला, आणि त्याच दिवशी निट्टंबुवाला सत्ताधारी खासदार अमरकीर्ती अतुकोरला जमावाच्या हातून मारले गेले, डझनावारी पुढाऱ्यांची घरं जाळली. आता आयोगाने फक्त पहिल्या भागाची चौकशी केली तर तो आंदोलनाचा आयोग झाला, फक्त दुसऱ्याची केली तर सरकारचा. जगण्याचा हक्क खासदारालाही असतो हो. लोकांना हे आवडत नाही, "आमची पोरं मार खात होती तेव्हा कुठे होता" म्हणतात, आणि आयोग आधी खरंच कुठे दिसलेला नसेल तर त्यांचं चूक नसतं. म्हणून आधी दिसणं महत्त्वाचं.

श्रीलंकेच्या कायद्यातल्या दोन तरतुदी तुम्ही वहीत लिहूनच ठेवा. एक, दहशतवादविरोधी कायद्याखाली किंवा आणीबाणीत कोणाला पकडलं तर पकडणाऱ्याने ४८ तासांच्या आत आयोगाला कळवायचं, आणि आयोगाचा माणूस कुठल्याही कोठडीच्या जागी कधीही आत जाऊ शकतो. दुसरी जरा वकिली आहे पण फार कामाची: तिथे मूलभूत हक्कासाठी सुप्रीम कोर्टात जायची मुदत फक्त एक महिना. हॉस्पिटलात पडलेला, लपून बसलेला माणूस महिन्यात कुठून कोर्टात जाणार? पण महिन्याच्या आत आयोगाकडे तक्रार टाकली की तिथे ती चालू असेपर्यंत घड्याळ थांबतं. म्हणजे आयोगाने बाकी काहीही केलं नाही, नुसती त्या तक्रारीची चौकशी चालू ठेवली, तरी त्या माणसाचा कोर्टाचा दरवाजा उघडा राहतो. आपल्याकडे असं नाही, आपल्याकडे वर्षभरानंतर आयोग चौकशीच करू शकत नाही, आणि सैन्यदलांविरुद्ध तक्रार असेल तर केंद्र सरकारकडून अहवाल मागवायचा एवढंच.

आता उलटं उदाहरण. दक्षिण कोरिया. तिथला आयोग २००१ चा, ए दर्जाचा, ११ सदस्य, त्यातले चार राष्ट्राध्यक्ष नेमतो, चार संसद आणि तीन सरन्यायाधीश, कागदावर किती सुंदर बघा. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन यांनी मार्शल लॉ लावला, सगळं राजकीय काम बंद, मीडिया लष्कराच्या ताब्यात, सैनिक संसदेत घुसले. खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले आणि १९० विरुद्ध शून्य मतांनी तो रद्द केला, पहाटे तो उठलाही. आयोग? अध्यक्षांचं निवेदन यायला आठवडा गेला. आणि पुढे १० फेब्रुवारी २०२५ ला याच आयोगाने बहुमताने ठराव केला की महाभियोग चालू असलेल्या युन यांच्या बचावाचे हक्क नीट जपले जावेत. तत्त्व म्हणून बोलाल तर आरोपीला हक्क असतातच, मी आयुष्यभर तेच करत आलोय. पण ज्याने रात्रीत सगळ्या देशाचे हक्क गुंडाळले त्याच्याबद्दल तोंड उघडायला आठवडा आणि त्याच्या हक्कांसाठी थेट ठराव, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. आयोगाचे स्वतःचे कर्मचारीच विरोधात उभे राहिले. म्हणजे नापास व्हायला आलेल्या श्रीलंकेच्या आयोगाने जे केलं ते ए वाल्या कोरियाने नाही केलं. त्यामुळे मला कोणी दर्जा सांगितला की मी विचारतो, खुर्चीत कोण बसलंय आणि त्याला तिथे बसवलं कोणी.

नेपाळबद्दल फार लांबण लावत नाही. तिथला आयोग २००० ला सुरू झाला, ऐन माओवादी युद्धात. २००५ ला राजा ज्ञानेंद्रने सत्ता हातात घेतली आणि जुन्या सदस्यांची मुदत संपल्यावर आपल्या पद्धतीने नवे नेमले, लोकांचा विश्वास गेला, २००६ च्या जनआंदोलनानंतर त्यांना जावं लागलं. पुढे २०२० मध्ये आयोगाने एक धाडसाचं काम केलं, वीस वर्षांत ज्यांच्यावर कारवाईची शिफारस केली होती अशा २८६ जणांची नावंच जाहीर केली, पोलीस, लष्कर, माओवादी सगळे. कारवाई झाली का, फारशी नाही, पण नाव तर कागदावर आलं. आणि सप्टेंबर २०२५ ला काय झालं आठवा: ८ तारखेला काठमांडूत पोरांवर गोळीबार, पहिल्याच दिवशी देशभरात मिळून १९ मृत्यू, ९ तारखेला सिंहदरबार (तिथलं मंत्रालय), संसद आणि सुप्रीम कोर्ट जळालं. कोर्टाच्या फायली जळाल्या. म्हणून मी म्हणतो आयोगाची नोंद वेगळ्या इमारतीत, वेगळ्या सर्व्हरवर हवी. अफगाणिस्तानात तर तालिबान आले आणि २०२२ ला त्यांनी आयोगच बरखास्त करून टाकला, कारण काय दिलं, तर बजेट नाही!

तुम्ही म्हणाल आपल्याकडचं सांगा. आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईतच संपलं. २००२ ला गुजरात पेटलं तेव्हा राष्ट्रीय आयोगाने १ मार्चलाच स्वतःहून दखल घेतली, अध्यक्ष न्यायमूर्ती जे. एस. वर्मा त्याच महिन्यात तिथे जाऊन आले, मोठ्या केसेस सीबीआयला द्या म्हणाले, राज्य सरकारने ऐकलं नाही. शिफारस वाया गेली म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं. पण बडोद्याच्या बेस्ट बेकरी केसमध्ये, जिथे १४ माणसं मेली, जून २००३ ला २१ च्या २१ आरोपी सुटले, साक्षीदार एकेक करून फिरलेले, तेव्हा आयोग स्वतः सुप्रीम कोर्टात गेला. ही कायद्यातली सोय आहे, कलम १८, पण ती वापरायला जिगर लागते. एप्रिल २००४ ला सुप्रीम कोर्टाने फेरखटला महाराष्ट्रात पाठवला.

माझगावच्या कोर्टात तो चालला, मी तेव्हा अगदीच ज्युनियर, दोन-चार वेळा नुसता मागे उभा राहून बघायला गेलो होतो. गुजरातीतले कागद, मराठी शिपाई, हिंदीत साक्षी, इंग्रजीत नोंद, आणि साक्षीदार पाणी पिताना हात थरथरणारे. सगळं काही गोड झालं नाही, मुख्य साक्षीदार मुंबईतही फिरली आणि पुढे सुप्रीम कोर्टाने तिला अवमानाची शिक्षा केली. तरी २४ फेब्रुवारी २००६ ला नऊजण दोषी ठरले, २०१२ मध्ये हायकोर्टात त्यातले चार टिकले. एकवीस निर्दोष ते चार दोषी, मध्ये नऊ वर्षं. कमी की जास्त ते तुम्ही ठरवा, पण आयोग कोर्टात गेला नसता तर तो आकडा बहुधा शून्यच राहिला असता.

तुमच्या "रिटायर्ड जजांची सोय" वर परत येतो. २०१९ ला आपला कायदा बदलला, अध्यक्षाची मुदत पाच वर्षांवरून तीन झाली आणि पुन्हा नेमणूक व्हायची सोय आली. ज्याला तीन वर्षांनी परत नेमायचं की नाही हे सरकार ठरवणार, तो गोळीबाराच्या रात्री कुठे उभा राहील? सगळेच झुकतील असं नाही, श्रीलंकेत नाही झुकले. पण माणसाच्या स्वभावावर संस्था चालवायची म्हणजे जुगार झाला. शिवाय तपासाला माणसं बरेचदा पोलीस खात्यातूनच येतात, ती परत खात्यातच जाणार असतात, याबद्दल कोणी बोलत नाही.

आणि एक काम करा, नुसतं वाचून मत बनवू नका. महाराष्ट्र राज्य मानवाधिकार आयोगाचं ऑफिस सीएसएमटीजवळच आहे, कॉलेजचं ओळखपत्र घेऊन एखाद्या सुनावणीच्या दिवशी जाऊन बसता येतं का ते विचारा. बसायला मिळालं तर कोण बोलतंय याकडे कमी लक्ष द्या, पोलीस खात्याकडून आलेला अहवाल किती पानांचा आहे आणि त्याला काय काय जोडलंय, ते बघा.